संमतीची मुदत

मनुष्याच्या शरीरावर दुसऱ्याचा हात केव्हां पडूं द्यावा आणि केव्हां पडूं देऊं नये, हा नीतिशास्त्रांतील फार जुना प्रश्न आहे. राजा, धर्म, नवरा आणि वैद्य या चौघांनींही या बाबतींत वेळोवेळीं आपला अधिकार सांगितला आहे. आणि चौघांनींही तो त्या शरीराच्या धन्याच्या हितासाठींच सांगितला आहे, हें विशेष. या प्रश्नाची चर्चा बहुधा शिक्षा, युद्ध किंवा गुलामगिरी अशा मोठ्या निमित्तानें होते. आम्ही आज तिच्यासाठीं एक अगदीं लहान निमित्त घेत आहों. तें काड्यापेटींतील काडीएवढें आहे.

बाळंत होऊन मुलास अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या दंडाच्या आंतल्या बाजूस, त्वचेखालीं, चार सेंटिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर जाड अशी एक लवचिक कांडी बसवितात. तींत एटोनोजेस्ट्रेल नांवाचें संप्रेरक ६८ मिलिग्रॅम असतें. तें रोज थोडें थोडें रक्तांत उतरतें, स्त्रीबीज सुटूं देत नाहीं, गर्भाशयाच्या मुखाशीं असणारा स्राव दाट करतें, आणि अशा रीतीनें तीन वर्षेंपर्यंत गर्भधारणा होऊं देत नाहीं. कांडी काढली म्हणजे गर्भधारणेची शक्ति लवकरच परत येते. भरवशाच्या दृष्टीनें पाहतां या साधनाच्या बरोबरीचीं साधनें थोडींच आहेत. तें वापरणाऱ्या हजार स्त्रियांत वर्षाकाठीं एखादीसच दिवस जातात. २०२३ सालीं केंद्र सरकारनें कांहीं राज्यांतील निवडक जिल्ह्यांपासून आरंभ करून या कांडीचा आपल्या कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमांत समावेश करण्याचें ठरविलें. तेव्हां हा विषय आतां केवळ डॉक्टरांच्या परिषदांचा राहिलेला नाहीं. तो आपल्या घरांतील लेकीसुनांचा झाला आहे.

प्रथम या कांडीच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें मोकळ्या मनानें म्हटलें पाहिजे. ‘मूल अंगावर पितें आहे तोंवर दिवस राहत नाहींत’ अशी आपल्या बायकांची समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाहीं. १९८८ सालीं इटलींत बेलाजिओ येथें जमलेल्या तज्ज्ञांनीं असा निर्वाळा दिला कीं, पाळी पुन्हां सुरू झालेली नसेल, मूल जवळजवळ सर्वस्वी आईच्याच दुधावर असेल आणि त्याचें वय सहा महिन्यांच्या आंत असेल, तर शेंकडा ९८ इतकें संरक्षण मिळतें. परंतु यांतील प्रत्येक ‘तर’ महत्त्वाचा आहे. मुलास वरचें दूध सुरू झालें, आई कामावर जाऊं लागली, किंवा सहावा महिना उलटला, कीं हें कवच पातळ होतें. आणि तें पातळ झाल्याची वर्दी पाळी येऊन मिळण्यापूर्वींच दिवस राहूं शकतात. एक मूल अंगावर आणि दुसरें पोटांत अशी अवस्था झालेल्या स्त्रिया कोणत्या घराण्यांत झाल्या नाहींत? एका प्रसूतीनंतर पुन्हां गर्भधारणेपूर्वीं निदान २४ महिने जावेत, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. नेहमींच्या संततिनियमनाच्या गोळींत जें इस्ट्रोजेन असतें त्यानें दूध कमी होण्याचा संभव असल्यामुळें ती गोळी या काळांत देत नाहींत. या कांडींत तें नाहीं. पाजत्या आईची नड भागविणारें साधन म्हणून तिची योग्यता खरी आहे.

आपल्या जुन्या रीतींतही या नडेचा विचार होता, पण तो न बोलतां केलेला होता. पहिलटकरीण माहेरीं जाई, सवा महिना बाळंतिणीच्या खोलींत राही, आणि त्यापुढेंही कांहीं महिने आईच्या नजरेखालीं काढून मगच सासरीं परत येई. या चालीचे हेतु अनेक असतील. पण तिचा एक परिणाम असा होता कीं, तितका काळ त्या मुलीचें शरीर तिचें स्वतःचें आणि तिच्या तान्ह्याचें असे. माहीम-दादरच्या चाळींतून हें कवच लवकरच गळालें. जेथें माहेर म्हणजेही दहा बाय बाराची एक खोली, तेथें बाळंतीण किती दिवस राहणार? दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणास तर माहेरचा प्रश्नच येत नसे. रीत गेली, नड राहिली; आणि त्या रिकाम्या जागीं आज ही कांडी येत आहे.

शंभर वर्षांपूर्वीं या शहरांत जो वाद झाला तो ‘असें साधन स्त्रीला मिळावें कीं नाहीं’ असा होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें, आणि या मतांपायीं विल्सन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी गमावली. १९३५ च्या डिसेंबरांत मार्गारेट सँगर बाई वर्ध्यास गांधीजींना भेटल्या, तेव्हां गांधीजींनीं कृत्रिम साधनांस विरोध करून संयमाचा मार्ग सांगितला. १९३८ च्या नोव्हेंबरांत डॉ. आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीनें संततिनियमनाचा प्रचार सरकारनें करावा असा ठराव मुंबईच्या विधिमंडळांत श्री. रोहम यांनीं मांडला; तो फेटाळला गेला. या तिन्ही प्रसंगांतील वाद आज मिटल्यासारखा आहे. साधनें मिळावींत, हें समाजानें बहुतांशीं मान्य केलें आहे. ज्यांचा धर्म त्यांस या बाबतींत मनाई करतो, आणि माहीमच्या ख्रिस्ती वस्तींत असे श्रद्धावान् पुष्कळ आहेत, त्यांनीं आपल्या श्रद्धेप्रमाणें वागावें. त्यांचा मार्ग त्यांस मोकळाच आहे.

परंतु गांधीजींच्या म्हणण्यांत एक भीति होती, ती अद्याप विचारार्ह आहे. साधन आलें म्हणजे पत्नी ही पतीच्या वासनेचें निर्धास्त उपकरण होईल, असें त्यांस वाटे. उपाय म्हणून त्यांनीं जो संयम सांगितला तो आम्हांस पुरेसा वाटत नाहीं. कारण संयम दोघांचा लागतो आणि त्याच्या अभावाचा भार एकटीवर पडतो. पण साधन कोणाच्या हातीं आहे, हा त्या भीतीच्या मुळाशीं असलेला प्रश्न खरा आहे. कर्व्यांच्या काळांतील टोपी किंवा स्पंज यांत खोट एवढीच कीं तीं साधनें वरचेवर फसत. पण तीं स्त्रीच्या हातांत होतीं. तिनें बसवावें, तिनें काढावें. गोळीचेंही तसेंच, उद्यां घ्यावीशी वाटली नाहीं तर तिनें ती घेऊं नये. कांडीचा स्वभाव निराळा आहे. ती कोणास दिसत नाहीं, रोज आठवावी लागत नाहीं, सासूच्या कानावर घालावी लागत नाहीं, नवऱ्याची मर्जी पाहावी लागत नाहीं. घरांतल्या माणसांपासून ती स्त्रीला जितकें स्वातंत्र्य देते तितकें क्वचितच दुसरें साधन देत असेल. मात्र ती स्त्रीला स्वतःच्या हातानें काढतां येत नाहीं. ती काढण्यास शिकलेला हात, निर्जंतुक हत्यार आणि भूल देण्याची सुई लागते. म्हणजे जो गुण तिला नवऱ्यापासून मोकळी करतो तोच तिला दवाखान्याशीं बांधतो. या साधनाची सारी नैतिक अडचण या एका गोष्टींत आहे, असें आम्हांस वाटतें.

ही अडचण कल्पनेंतली नव्हे. या कांडीची थोरली बहीण नॉरप्लांट. ती सहा कांड्यांची आणि पांच वर्षांची होती. १९८३ सालीं तिला प्रथम फिनलंडमध्यें व १९९० सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. १९९१ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांतील एका न्यायाधीशानें, मुलांस मारल्याबद्दल दोषी ठरलेल्या एका आईस तुरुंगाबाहेर राहावयाचें असेल तर नॉरप्लांट बसवून घ्यावें, अशी अट घातली. त्याच सुमारास बांगलादेशांत, कांड्या काढून द्या म्हणून आलेल्या स्त्रियांस परत पाठविण्यांत आल्याच्या तक्रारी तेथील संशोधकांनीं नोंदविल्या. आपल्याकडे १९८५ सालीं हैदराबादजवळ पटनचेरू येथें नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाचा प्रयोग चालू असतां, आपणांवर प्रयोग होत आहे याची स्त्रियांस नीट कल्पना दिलेली नाहीं असें स्त्रीसंघटनांस आढळलें, आणि १९८६ सालीं त्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. आणि याहूनही पूर्वीं, १९७६ सालीं, आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचें विधेयक मंजूर केलें होतें. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यामुळें तें कायदा झालें नाहीं. चार ठिकाणचे हे चार प्रकार एकमेकांहून भिन्न आहेत. पण चोहींकडे एकच गोष्ट घडली. स्त्रीच्या सोयीसाठीं काढलेलें साधन दुसऱ्या कोणाच्या तरी सोयीचें झालें.

येथें कोणी असें म्हणेल कीं, समाजाच्या हितासाठीं शरीरावर थोडीशी सक्ति केली तर बिघडलें काय? माहीममध्यें शीतलादेवीचें देऊळ आहे. देवीचा कोप शांत व्हावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आया तेथें पोरें घेऊन गेल्या. १४ जून १८०२ रोजीं मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस देवी काढण्यांत आल्या. हिंदुस्थानांतली ती पहिली यशस्वी लस समजतात. पुढें १८७७ सालीं या शहरांत मुलांस देवी काढणें कायद्यानें सक्तीचें झालें. लोकांनीं कुरकुर केली. पण १९८० सालीं तो रोग जगांतून गेल्याचें जाहीर झालें, तेव्हां सक्ति करणाऱ्यांचें म्हणणें खरें ठरलें. मग येथेंच संमतीचें इतकें स्तोम कां? याचें उत्तर असें कीं, देवी हा सांसर्गिक रोग होता. एका घरच्या मुलास तो झाला तर शेजारच्या दहा मुलांच्या जिवावर बेते. गर्भ हा रोग नव्हे आणि तो शेजाऱ्यास लागत नाहीं. लोकसंख्येचा म्हणून जो सार्वजनिक प्रश्न आहे तो शाळा, औषध आणि स्त्रियांस मिळणारें काम यांनीं सुटतो. महाराष्ट्र, केरळ आणि तामिळनाडु येथें दर स्त्रीमागें मुलांचें प्रमाण दोनाच्याही खालीं आलें आहे. तेव्हां देवीच्या लशीचा दाखला येथें लागू पडत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘स्त्रीनें संमति दिली, कागदावर सही केली, आतां आणखी काय पाहिजे?’ जॉन स्टुअर्ट मिल्‌नें १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथांत असा एक विचार मांडला आहे कीं, स्वतःस गुलाम म्हणून विकण्याचा करार कोणी राजीखुशीनें केला तरी तो मानूं नये. कारण ज्या स्वातंत्र्याच्या जोरावर तो करार केला, तेंच त्यानें संपुष्टांत येतें. कांडी म्हणजे गुलामगिरी नव्हे, हें उघड आहे. परंतु तत्त्व लक्षांत घेण्यासारखें आहे. एका दिवसाची संमति तीन वर्षांस कितपत पुरते? तीन वर्षांत मूल दगावूं शकतें, नवरा जाऊं शकतो, पाळीनें हैराण व्हावयाची वेळ येऊं शकते, किंवा कांहींही न होतां नुसतें मन बदलूं शकतें. जी संमति परत घेतां येत नाहीं तिला आम्ही संमति म्हणणार नाहीं. ती पुढच्या आपणावर आजच्या आपण घातलेली सक्ति होय. म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, कांडी जितका काळ दंडांत आहे तितका काळ संमतिही रोज जिवंत असली पाहिजे. आणि ती जिवंत आहे याची खूण एकच: ‘काढा’ म्हटल्याबरोबर, कारण न विचारतां, ती काढून मिळाली पाहिजे.

आतां बाळंतिणीविषयीं. प्रसूतीनंतर लगेच, रुग्णालय सोडण्यापूर्वींच कांडी बसवावी, अशी सूचना करणारांचा हेतु चांगला असतो. एकदां घरीं गेलेली स्त्री पुन्हां कधीं येईल याचा नेम नाहीं, असें ते म्हणतात, आणि तें खरेंही आहे. पण हीच गोष्ट उलट बाजूनेंही पाहतां येते. परळच्या गिरणगांवांतील कामगार स्त्रियांची दशा पाहून मुंबई सरकारनें १९२९ सालीं प्रसूतीच्या सवलतींचा कायदा केला, डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं कायदेमंडळांत त्याचा पुरस्कार केला होता. आज ती सवलत पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची आहे. बाळंतिणीला श्रम झाले आहेत, झोप नाहीं, चित्त मुलाकडे आहे, म्हणून तिला कामावर बोलावूं नये, हें कायद्यास कळतें. मग त्याच स्त्रीपुढें, प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशीं, तीन वर्षांच्या गोष्टीचा कागद सहीला ठेवतांना आपणांस संकोच कां वाटूं नये? तिची बुद्धि मंद झालेली असते असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तिला सवड नसते, आणि ‘नाहीं’ म्हणण्याचें बळ नसते. कारण ज्यांच्या हातांत तिचें मूल आणि तिचे टांके आहेत तेच विचारीत असतात. यावर उपाय साधा आहे. ही गोष्ट सातव्या-आठव्या महिन्यांत, पोटावरची तपासणी चालू असतां, सावकाश सांगावी. घरीं विचार करूं द्यावा. आणि बाळंतपणानंतर नुसतें ‘अजून तसेंच मन आहे ना?’ एवढें विचारावें.

मुलाचें काय? आईच्या दुधावर जगणारें तान्हें हा या व्यवहारांतला मुका भागीदार आहे. संप्रेरकाचा अल्प अंश दुधांत उतरतो. आजवरच्या अभ्यासांत दुधाच्या प्रमाणावर किंवा मुलाच्या वाढीवर त्याचा वाईट परिणाम आढळलेला नाहीं. जागतिक आरोग्य संघटना पूर्वीं प्रसूतीनंतर पहिले सहा आठवडे पाजत्या आईस ही कांडी सामान्यतः देऊं नये असें म्हणे. २०१५ सालीं तिनें ती मर्यादा सैल केली, आणि सामान्यतः देण्यास हरकत नाहीं अशा वर्गांत तिला घातलें. सल्ला बदलला यांत शास्त्राला कमीपणा नाहीं. पुरावा वाढला कीं सल्ला बदलावाच. पण यावरून इतकें ध्यानांत यावें कीं, ‘काहीं होत नाहीं हो’ हें उत्तर पुरेसें नव्हे. इतकें ठाऊक आहे, इतकें अभ्यासण्याचें चालू आहे, असें सांगणें हाच प्रामाणिकपणा. आणि जी आई ‘दूध चांगलें बसूं द्या, मग पाहूं’ म्हणते तिला अडाणी म्हणून हसूं नये. तिचें म्हणणें कालपरवांपर्यंत पुस्तकांतही होतें.

डॉक्टरांच्या पुस्तकांत लहान टाइपांत छापलेली एक गोष्ट आपल्या घरांत फार मोठी होते, तीही येथें सांगितली पाहिजे. या कांडीनें पाळी अनियमित होते. कोणास महिनोन्‌महिने येत नाहीं, कोणास थोडें थोडें पंधरा-पंधरा दिवस जात राहतें. कांडी काढून घेणाऱ्यांचें मुख्य कारण हेंच असतें. वैद्यकदृष्ट्या बहुधा हें निरुपद्रवी आहे. परंतु ज्या घरांत अजून शिवणें-टाळणें आहे, जेथें त्या दिवसांत देवघराकडे फिरकावयाचें नाहीं, तेथें पंधरा दिवसांचा हा ‘निरुपद्रवी’ त्रास सुनेस काय भोगावयास लावील? माहीमच्याच मुसलमान घरांतील बाईस तितके दिवस नमाजाचा पेंच पडतो. साधनाची तपासणी प्रयोगशाळेंत होते. पण त्याचा वापर स्वैपाकघराच्या उंबऱ्याशीं होतो. उंबऱ्याशीं काय होईल हें न सांगतां मिळविलेली संमति अर्धीच म्हटली पाहिजे.

आणि पुरुषांनीं? २०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा ३७.९ जणींचें साधन स्त्रीची नसबंदी हें होतें, आणि पुरुषाची नसबंदी शेंकडा ०.३ होती. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची आहे, हें सर्वांस माहीत असूनही हा आंकडा आहे. ज्यास आणखी मूल नको त्यानें शस्त्रक्रियेचा विचार करावा. ज्यास केवळ मध्यें अंतर हवें आहे त्यानें निदान निरोध वापरावा. स्त्री अंगावर पाजीत असतां तिच्या शरीरांत आणखी एक वस्तु घालण्यापूर्वीं हे दोन प्रश्न नवऱ्यास विचारले जातात काय? बाळंतिणीच्या खाटेशीं ते कोणी विचारीत नाहीं. ते तिच्या घरांतच विचारले गेले पाहिजेत, आणि सुशिक्षित घरांनीं तरी विचारावयास आरंभ करावा.

आमचें मत आम्हीं लपविलेलें नाहीं. ही कांडी चांगली वस्तु आहे, आणि ती हवी असणाऱ्या प्रत्येक पाजत्या आईस ती मिळावी. परंतु तिची योग्यता किती स्त्रियांच्या दंडांत ती बसली या संख्येनें मोजूं नये. ज्या दवाखान्यांत ती बसविली जाते त्याच दवाखान्यांत, आठवड्यांतील ठराविक दिवशीं, तितक्याच तत्परतेनें ती काढून मिळते काय, हें पाहावें. बसविणारे हात शिकवून तयार केले जातात. काढणारे हातही तितकेच तयार करावेत. बसविल्यांची नोंद ठेवतात. काढून मागणाऱ्या किती जणींस परत पाठविलें याचीही नोंद ठेवावी, आणि ती नोंद कोरी राहावी. असें ज्या गांवीं होईल तेथें ही कांडी स्त्रीच्या हातांतील साधन आहे असें आम्ही म्हणूं. जेथें होणार नाहीं, तेथें सही केलेला कागद कितीही व्यवस्थित असला, तरी ती तिच्या हातांत नसून केवळ तिच्या दंडांत आहे, इतकेंच म्हणावें लागेल.